खुडूक बसवावी की उठवावी? परसातील बदकांच्या अंड्यांचे गणित

जबलपूर ही तळ्यांची नगरी. गोंड राजवटीत येथे बावन्न ताल होते, असे शहरातील जुनी माणसे अजूनही अभिमानाने सांगतात. राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाचा, चेरीताल तिच्या दासीच्या नावाचा, आणि आधारताल तिचा दिवाण आधारसिंह याच्या नावाचा, अशी परंपरा आहे. याच आधारताल परिसरात १९६४ साली जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय उभे राहिले. १९४८ पासून चालत आलेल्या येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाभोवती पुढे २००९ मध्ये नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालय आकाराला आले. कडकनाथ आणि ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून परसातील संगोपनासाठी तयार केलेली ‘नर्मदा निधी’ ही कोंबडी याच शहराची देणगी आहे.

जबलपूरहून दक्षिणेकडे मंडला, सिवनी, बालाघाट असे उतरत गेले की भाताचे खाचर आणि गावतळे यांची सोबत सुटत नाही. बालाघाट ओलांडले की गोंदिया आणि भंडाऱ्याचे माजी मालगुजारी तलाव सुरू होतात. भाषा हिंदीकडून मराठीकडे वळते; पाणी, भात आणि परसातील पक्षी मात्र तेच राहतात. जबलपूरच्या खेड्यात ज्या कोंबडीला ‘कुडक’ म्हणतात, तिलाच विदर्भात आणि उर्वरित महाराष्ट्रात ‘खुडूक’ म्हणतात. अंड्यांवर ठाण मांडून बसलेली, पिसे फुलवलेली, जवळ गेल्यास चोच उगारणारी ही मादी कोंबडीची असो वा बदकाची, तिच्या मालकिणीपुढे दरवेळी एकच प्रश्न उभा करते. तिला बसू द्यावे की उठवावे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण परसातील अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत गृहिणीच्या हातात येतो, आणि तो किती येणार हे बऱ्याच अंशी याच उत्तरावर ठरते. इतकेच नव्हे, तर आज परसात असलेली बदके तीन वर्षांनी तेथे असतील की नाही, हेही त्यावरच अवलंबून असते.

खुडूकपणा म्हणजे काय?

खुडूक होणे हा रोग नव्हे आणि पक्ष्याचा हट्टही नव्हे. तो शरीरातील संप्रेरकांनी घडवून आणलेला बदल आहे. घरट्यात अंडी साठत गेली, त्यांचा स्पर्श पोटाखालच्या उघड्या त्वचेला होत राहिला आणि घरटे उबदार, अंधारे व निवांत असले, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते. त्याबरोबर अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके मंदावतात, अंडाशय आकुंचन पावतो आणि अंडी देणे थांबते. पोटाखालची पिसे गळतात किंवा मादी ती स्वतः उपटते. त्या जागेची त्वचा रक्तपुरवठा वाढल्याने उबदार होते आणि अंड्यांना थेट ऊब मिळते.

या साखळीतील मुख्य दुवा स्पर्शाचा आहे. अंड्यांचा आणि घरट्याचा स्पर्श चालू राहिला तर प्रोलॅक्टिन चढे राहते. स्पर्श तुटला तर ते उतरू लागते. खुडूक मादीला उठवण्याचे सर्व शहाणे उपाय याच एका तत्त्वावर उभे आहेत. रोजच्या रोज अंडी उचलल्यास मादी मुळात कमी वेळा खुडूक होते, हा जुन्या गृहिणींचा अनुभवही याच कारणाने खरा ठरतो.

बदकांतील लक्षणे थोडी वेगळी असतात. देशी बदक आडोशाला, झुडपात किंवा गवताच्या गंजीखाली घरटे करते, छातीची मऊ पिसे उपटून त्याचे अस्तर लावते आणि घरटे सोडताना अंडी त्या पिसांनी झाकते. ती दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी उठते, घाईने खाऊन-पिऊन परत जाते. जवळ गेल्यास फुत्कारते. विष्ठा एरवीपेक्षा मोठी आणि अधिक दुर्गंधीयुक्त असते. ही लक्षणे दिसली की निर्णय त्याच दिवशी घ्यावा.

एका दिवसाची किंमत

गावठी कोंबडीचे वर्ष पाहिले की खुडूकपणाची किंमत समजते. ती साधारण १२ ते १५ अंड्यांचा एक फेर देते, मग २१ दिवस बसते आणि त्यानंतर दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ पिल्ले फिरवते. एक फेर पुरा व्हायला १०० दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे वर्षात तीन ते चार फेर आणि ४५ ते ६० अंडी. तिची अंडी कमी असण्यामागे रक्ताचा दोष जितका आहे, तितकाच या फेऱ्यांत जाणारा वेळही आहे.

बदकांबाबत हिशेब असाच मांडता येतो. समजा, एका घरी पाच देशी बदके आहेत आणि हंगामात त्या दिवसाआड एक अंडे देतात. पाचही बदके महिनाभर रिकाम्या घरट्यावर किंवा निष्फळ अंड्यांवर बसून राहिली, तर घराची सुमारे ७५ अंडी गेली आणि हाती एकही पिल्लू लागले नाही. याउलट, पाचपैकी एका बदकाला विचारपूर्वक बसवले आणि चौघींना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उठवले, तर त्या एक-दोन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येतात आणि पाचवी पुढची पिढी देते. मादी जितके दिवस घरट्यात मुरते, तितका तिचा अंडाशय मागे जातो आणि परत येण्यास तितका अधिक काळ लागतो. म्हणून पहिल्या दिवशी केलेला उपाय आठव्या दिवशी केलेल्या उपायापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

अंडी भरपूर, पण आई नाही

विस्तार कार्यक्रमांतून बदके वाटली जातात तेव्हा बहुधा निवड होते ती खाकी कॅम्पबेल या जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील उली या गावी अॅडेल कॅम्पबेल या गृहिणीने आपल्या परसात इंडियन रनर आणि रूआँ या बदकांच्या संकरातून ही जात घडवली. उत्तम व्यवस्थापनात ती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. आसामचे पाती बदक मोकाट संगोपनात ७० ते ९० अंड्यांच्या आसपास राहते. हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे.

परंतु निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. अधिक अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना खुडूक होण्याची प्रवृत्ती आपोआप मागे पडली. खाकी कॅम्पबेल क्वचितच अंड्यावर बसते, आणि बसली तरी शेवटपर्यंत टिकेल याची शाश्वती नसते. बदक आणली, दोन वर्षे भरपूर अंडी मिळाली, नंतर अंडी घटली, काही पक्षी कोल्ह्या-मुंगसाने नेले, आणि परसात एकही नवे पिल्लू जन्मलेले नाही, अशी अवस्था जेथे उबवणीची सोय केलेली नसते तेथे ठरलेलीच असते. पक्षी मरत नाहीत असा वाटपाचा हेतू असतो. पण ज्या कळपात आई नाही, तो कळप रोग न येताही संपतो.

म्हणून परसातील बदकपालनाचा पहिला नियम असा सांगता येईल: अंडी देणारी आणि अंडी उबवणारी या दोन वेगळ्या माद्या असू द्याव्यात. सात-आठ खाकी कॅम्पबेल पाळणाऱ्या घरी दोन-तीन गावठी कोंबड्या किंवा एक-दोन मस्कोव्ही बदके असावीत. कडकनाथ या कामास फारशी उपयोगी नाही, ती सहसा टिकून बसत नाही. असील आणि साधी गावठी कोंबडी मात्र उत्तम बसतात. ज्या गुणाला अंड्यांच्या बाजारात दोष मानले जाते, तोच गुण येथे भांडवल ठरतो.

मस्कोव्ही हे मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेतील बदक. ते संथ, आवाज न करणारे आणि उबवणीस फार विश्वासू असते. त्याची स्वतःची अंडी फुटायला सुमारे ३५ दिवस लागतात. त्यामुळे २८ दिवसांत फुटणारी खाकी कॅम्पबेलची अंडी ते सहज पार पाडते. सावधगिरी एकच: मस्कोव्हीचा नर आणि साध्या बदकाची मादी यांचा संकर होतो, पण त्यांची संतती वांझ असते. मांसासाठी ती चालेल, कळप वाढवण्यासाठी नाही. मस्कोव्हीचा नर वेगळा ठेवावा किंवा ठेवूच नये.

उठवायचे ठरले तर

खुडूक मादीला पाण्यात बुचकळणे, नाकपुडीत पीस खुपसणे, पाय बांधून ठेवणे, उपाशी ठेवणे असे उपाय अनेक गावांत चालतात. यांतून पक्ष्याला त्रास होतो, वजन घटते आणि पुन्हा अंड्यावर येण्यास उशीरच लागतो. त्यापेक्षा पुढील पद्धत सोपी व खात्रीची आहे.

जाळीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा तळ असलेला पिंजरा घ्यावा. तो विटांवर उचलून असा ठेवावा की खालून हवा खेळेल. आत गवत, तूस, पोते काहीही टाकू नये. पिंजरा उजेडात, पण थेट उन्हाबाहेर, इतर पक्षी दिसतील अशा जागी ठेवावा. खाद्य आणि पाणी पूर्ण द्यावे. पोटाखाली ऊब साठत नाही, घरट्याचा स्पर्श नाही आणि अंधार नाही, म्हणजे खुडूकपणाला पोसणारी तिन्ही कारणे एकदम तुटतात. तीन ते पाच दिवसांत बहुतेक माद्या ताळ्यावर येतात. सोडल्यावर ती पुन्हा जुन्या घरट्याकडे धावली, तर आणखी दोन दिवस ठेवावे. दरम्यान जुने घरटे मोडून टाकावे.

प्रत्येक वेळी अंडी थांबली म्हणजे मादी खुडूकच झाली, असे मात्र समजू नये. पिसे गळण्याचा काळ, कडक उन्हाळा, जागा बदलणे, कुत्र्याची धास्ती, पाण्याची एका दिवसाची टंचाई यांनीही बदके अंडी देणे थांबवतात. खुडूक मादी घरट्यात सापडते. अशी मादी कळपात फिरत असते. निदान चुकले तर उपायही वाया जातो.

बसवायचे ठरले तर

अंड्यांची निवड उबवणीच्या आधीच सुरू होते. सात दिवसांहून जुनी अंडी घेऊ नयेत. मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली अंडी निवडावीत. बदके ओल्या पायांनी घरट्यात जातात, त्यामुळे अंडी मळतात आणि कवचाच्या छिद्रांतून जंतू आत शिरतात. उबवणीत अशी अंडी सडून फुटली तर शेजारची अंडीही बिघडतात. साधारण सहा-सात माद्यांमागे एक नर असला तर अंडी फलित राहतात.

गावठी कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, मुदत. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस पुरतात, बदकाच्या अंड्यांना २८ लागतात. म्हणून नुकतीच खुडूक झालेली कोंबडी निवडावी. आधीच आठ-दहा दिवस बसून थकलेली नको. अंडी ठेवण्यापूर्वी तिला एक-दोन दिवस खोट्या अंड्यांवर बसवून तिची चिकाटी पाहावी.

दुसरी, आकार. बदकाचे अंडे ६५ ते ७० ग्रॅमचे असते, गावठी कोंबडीचे त्याहून बरेच लहान. एका कोंबडीखाली आठ ते दहा अंडी पुरेत. तिला ही जड अंडी नीट फिरवता येत नाहीत. म्हणून ती खायला उठते तेव्हा घरच्यांनी दिवसातून दोन-तीन वेळा अंडी हलकेच फिरवावीत. कवचावर एका बाजूस कोळशाने खूण केली की कोणते अंडे फिरले, हे कळते. पंचविसाव्या दिवसानंतर फिरवणे थांबवावे.

तिसरी, ओलावा. बदकाची मादी पाण्यातून येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. कोंबडी कोरडीच बसते. ही उणीव माणसाने भरून काढावी. दुसऱ्या आठवड्यापासून तेविसाव्या-चोविसाव्या दिवसापर्यंत दिवसातून एकदा अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. पाणी थंड नको आणि घरटे भिजेल इतके नको.

सातव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्चवर अंडे धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. नितळ दिसले तर निष्फळ. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे आणि मेलेली अंडी काढून टाकावीत. कोंबडीला घरट्याजवळच दाणा-पाणी ठेवावे. २८ दिवस बसणाऱ्या मादीची झीज मोठी असते.

कोंबडीखाली जन्मलेली पिल्ले पाणी दिसताच त्यात उतरतात आणि काठावर धावणारी आई कासावीस होते. हे दृश्य गमतीचे वाटते. पण या पिल्लांची पिसे अजून पाणी झटकण्याजोगी नसतात, आणि ओले अंग कोरडे करणारी बदकआईही नसते. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना चोच बुडेल इतकेच पाणी द्यावे, पोहण्याजोगे नाही.

घरट्यातील न बोलावलेले पाहुणे

उत्तम बसलेली कोंबडी विसाव्या-बाविसाव्या दिवशी अचानक घरटे सोडून जाते, अंडी गार पडतात, आणि दोष कोंबडीच्या स्वभावाला दिला जातो. अशा वेळी घरटे उचकटून पाहावे. पुष्कळदा खरे कारण तेथे चालताना दिसते.

खुडूक मादी हे परजीवींसाठी आयते घर असते. ती दिवसभर एका जागी बसते, तिचे अंग उबदार असते, आणि एरवी ती जे धूळस्नान करते ते जवळजवळ बंद होते. धूळस्नान हे कोंबडीचे उवांवरील औषधच आहे. ते थांबले की उवा वाढतात. पिसांच्या मुळाशी त्यांच्या लिखांचे पुंजके दिसतात. उवांचे सारे आयुष्य पक्ष्याच्या अंगावरच जाते.

तांबडा माइट मात्र वेगळ्या स्वभावाचा. तो दिवसा खुराड्याच्या फटींत, फळ्यांच्या सांध्यांत, टोपलीच्या विणीत दडतो आणि रात्री बाहेर पडून रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासली तर अंगावर काहीच सापडत नाही. अनुकूल उष्णतेत त्याची एक पिढी सात ते दहा दिवसांत पुरी होते. कोंबडीच्या अंड्यांच्या २१ दिवसांत त्याच्या दोन ते तीन पिढ्या होतील. बदकाच्या अंड्यांच्या २८ दिवसांत तीन ते चार. प्रत्येक पिढीत संख्या अनेक पटींनी वाढते, म्हणून वाढीव एक आठवडा म्हणजे थोडेसे अधिक माइट नव्हेत, तर कित्येक पट अधिक माइट. कोंबडी नेमकी शेवटच्या आठवड्यात घरटे का सोडते, याचे उत्तर बऱ्याचदा या हिशेबात असते. ओळखण्याची खूण सोपी आहे: फटींच्या तोंडाशी मीठ-मिरी सांडल्यासारखी करडी भुकटी, अंड्यांवर रक्ताचे बारीक ठिपके, आणि रात्री टॉर्च मारल्यास सरपटणारे तांबूस कण.

तिसरा पाहुणा कोंबड्यांवरील मऊ गोचीड. तीही भिंतीच्या भेगांत राहते, रात्री रक्त पिते आणि उपाशी राहून वर्षाहून अधिक काळ जगू शकते. ती स्पायरोकीटोसिस हा ज्वर पसरवते आणि तो कोंबड्यांप्रमाणे बदकांनाही होतो. रिकामे खुराडे काही महिन्यांनी पुन्हा वापरताना ‘आता सगळे मेले असेल’ असा समज करून घेऊ नये. अंडी फुटण्याच्या दिवसांत तांबड्या मुंग्याही घातक ठरतात. कवच टोचून बाहेर येणारे ओले पिल्लू त्या जागीच मारतात.

उपाय खर्चाचे नाहीत. मादी बसवण्यापूर्वी जुने गवत जाळून टाकावे. टोपली किंवा खोके दोन दिवस कडक उन्हात तापवावे. फटी मातीने बुजवून वर चुन्याचा हात द्यावा. घरट्यात नवे, कोरडे गवत किंवा तूस घालावे. तळाशी वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची प्रथा आहे. त्याची मदत होते, पण स्वच्छतेची जागा तो घेत नाही. घरट्याजवळ लाकडाची राख आणि बारीक वाळू मिसळून एक घमेले भरून ठेवावे, म्हणजे मादी उठते तेव्हा त्यात लोळते. चौदाव्या दिवशी अंडी तपासताना गवतही बदलावे. खोके उंचावर असेल तर त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, मुंग्या चढत नाहीत.

उवा फार झाल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध वापरावे आणि दहा ते चौदा दिवसांनी ते पुन्हा द्यावे. पहिल्या वेळी लिखा मरत नाहीत. पिकावर फवारायचे कीटकनाशक मात्र परसात कधीही आणू नये. ते कवचातून आत जाऊ शकते, पिल्ले मरतात आणि अंडी खाणाऱ्या माणसांपर्यंतही त्याचा अंश पोहोचतो. तंबाखूचा काढाही टाळावा. निकोटीन हे विषच आहे. खाचरात दाणेदार कीटकनाशक टाकले असेल तर बदके तेथे सोडू नयेत. पक्षी ते दाणे वाळूचे खडे समजून वेचतात.

अंडी चालू ठेवणारी चार सूत्रे

*वेळ.* बदके बहुतेक सर्व अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या आत देतात. तोवर त्यांना कोंडून ठेवले की अंडी खुराड्यातच मिळतात. तळ्यात, झुडपात किंवा मुंगसाच्या पोटात जात नाहीत. चोरून केलेले घरटे हेच खुडूकपणाचे पाळणाघर असते, तेही यामुळे टळते. तीन माद्यांमागे साधारण एक फूट रुंद व एक फूट लांब असे एक घरट्याचे खोके पुरते.

*उजेड.* अंड्यावरील बदकाला १४ ते १६ तास उजेड हवा. जबलपूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. येथे जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. हिवाळ्यातील तूट किमान सव्वातीन तासांची. पहाटे आणि सायंकाळी मिळून तेवढा वेळ एक लहान बल्ब लावला तर हिवाळ्यात अंडी फारशी उतरत नाहीत.

*पाणी.* पोहण्याचे तळे नसले तरी बदके अंडी देतात. पण चोच आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील इतके, म्हणजे पाच-सहा इंच खोल पिण्याचे पाणी अत्यावश्यक आहे. चोच धुता आली नाही तर खाद्य अडकते आणि डोळे व नाक बिघडतात.

*खाद्य.* बदकांना ओलसर खाद्य आवडते. पण ते एका वेळी संपेल इतकेच भिजवावे. बुरशीतून निर्माण होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनला बदके विलक्षण बळी पडतात. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीयुक्त शेंगदाणा पेंडीने टर्कीची सुमारे एक लाख पिल्ले दगावली, तेव्हा बदकांची पिल्लेही त्यातून सुटली नाहीत. या विषाचा शोध त्याच घटनेतून लागला. पावसाळ्यात भिजलेला मका किंवा जुनी शेंगदाणा पेंड बदकांना देऊ नये. तळ्यातील गोगलगाई व शिंपले यांतून प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. त्या कमी पडल्यास शिंपल्यांचा चुरा ठेवावा.

हंगामाशी जुळवून

मे महिन्यात जबलपुरात पारा ४२ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत घरात ठेवलेल्या अंड्यातील जीव मादी न बसताच वाढू लागतो आणि अर्धवट वाढून मरतो. म्हणून एप्रिलअखेरपासून पाऊस स्थिरावेपर्यंत मादी बसवू नये; या काळात खुडूक झालेली प्रत्येक मादी उठवावी. भर पावसात घरटी ओली राहतात आणि बुरशी धरते.

फेब्रुवारीचा प्रारंभ हा उत्तम मुहूर्त. त्या वेळी ठेवलेली अंडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फुटतात. खाकी कॅम्पबेलची मादी साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येते. म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात, तळी भरत असताना आणि खाचरांत किडे-गोगलगाई विपुल असताना, नवी पिढी अंडी देऊ लागते. पिल्लांना मात्र एप्रिल-मेच्या झळांत सावली आणि पाणी यांची व्यवस्था हवी. दुसरा योग्य काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. या दोन हंगामांत खुडूक होणाऱ्या माद्या बसवण्यासाठी आणि बाकीच्या महिन्यांतील उठवण्यासाठी, इतकी सोपी विभागणीही गृहिणीला पुरेशी मार्गदर्शक ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

बदके वाटण्याच्या प्रत्येक कार्यक्रमात एक प्रश्न अगोदर विचारला जावा: यांची अंडी कोण उबवणार? घरी गावठी कोंबड्या असतील तर उत्तर सोपे आहे. नसतील तर वाटपाबरोबर एखादी बसणारी मादी द्यावी. बचतगट मोठा असेल, तर तुसाच्या उबवणीचा विचार करावा. चीन, बांगलादेश आणि आग्नेय आशियातील भातपट्ट्यांत ही पद्धत प्रचलित आहे. ऊब देऊन तापवलेली अंडी तुसाने वेढलेल्या पिंपांत ठेवतात. दोन आठवड्यांनी वाढत्या गर्भांची स्वतःची उष्णता इतकी होते की जुनी अंडी नव्या अंड्यांना ऊब पुरवतात. बालाघाट, गोंदिया आणि भंडारा येथील भातगिरण्यांबाहेर तुसाचे ढीग असतात. वीज अनियमित असलेल्या गावात या ढिगांचे मोल मोठे आहे. प्रशिक्षणाशिवाय मात्र हे काम हाती घेऊ नये.

थोडक्यात, ध्यानात ठेवण्याजोगे असे:

• अंडी रोज उचलावीत. बदके सकाळी नऊपर्यंत कोंडावीत.
• खुडूक मादी दिसताच त्याच दिवशी ठरवावे: बसवायची की उठवायची.
• उठवण्यासाठी जाळीतळाचा पिंजरा, उजेड, भरपूर दाणा-पाणी. तीन ते पाच दिवस.
• बसवण्यासाठी नुकती खुडूक झालेली मादी, आठ-दहा ताजी अंडी, २८ दिवस.
• बसवण्यापूर्वी आणि चौदाव्या दिवशी घरट्याचे गवत बदलावे. राखेचे घमेले जवळ असावे.
• बदकाची अंडी नेहमी पूर्ण उकडून किंवा शिजवूनच खावीत.
• बदक प्लेगची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेवर द्यावी.

ज्या परसात सात बदके अंडी देत आहेत आणि कोपऱ्यातील टोपलीत एक गावठी कोंबडी परक्या अंड्यांवर शांतपणे बसली आहे, त्या परसाला पुढच्या वर्षी पिल्लांसाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. योजनेत तिचा उल्लेख नसतो आणि वाटपाच्या यादीत तिचा रकाना नसतो. कळप मात्र तीच टिकवते.